चिकटलंय की नुसतं बसलंय?

कार्बन नॅनोट्यूबची बाटली पहिल्यांदा हातात येते तेव्हा जरा निराशाच होते. मासिकांतल्या चित्रांत षटकोनी जाळीच्या सुबक नळ्या पाहिलेल्या असतात आणि बाटलीत असते काजळी. तीही इतकी हलकी, की झाकण उघडताना श्वास धरावासा वाटतो. धरलेला बराही. एका विशिष्ट जातीच्या बहुभिंती नळ्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये संशयितांच्या यादीत घातलं आहे. आम्ही मास्क लावून, फ्यूम हूडमध्ये हात घालूनच वजन करायचो. तरी संध्याकाळी घरी हात धुताना नखांच्या कडेला काळी रेघ निघायचीच.

माझं काम एका दमात सांगता यायचं. या नळ्यांच्या अंगावर ठरावीक रासायनिक गट बसवायचा, तो बसला हे सिद्ध करायचं आणि मग अशा नळ्या आम्लातून अमेरिशियम-युरोपियमसारखे धातू उचलतात का ते बघायचं. ऐकणाऱ्याला पहिला भाग कठीण वाटतो, तिसरा धोक्याचा वाटतो. माझी वर्षं गेली ती मधल्या भागात.

ट्रॉम्ब्यात हे काम चालावं यात नवल नाही. जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्याचा देशातला पहिला कारखाना इथेच, १९६४ साली उभा राहिला. युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतल्यावर जे तीव्र आम्ली द्रावण मागे उरतं, त्यात इतर अनेक गोष्टींबरोबर अमेरिशियम असतं. अमेरिशियम-२४१ चं अर्धायुष्य ४३२ वर्षं. हे सगळं काचेत ओतून बंद करण्याआधी असे दीर्घायुषी धातू बाजूला काढता आले तर पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावरचा भार पुष्कळ हलका होईल, हा विचार जगभर जुना आहे. त्यासाठी डायग्लायकोलामाइड नावाची रसायनं उपयोगी पडतात. तीन ऑक्सिजनच्या चिमट्यात ती तीन धनभार असलेल्या धातूला पकडतात, आणि तेही ३ मोलर नायट्रिक आम्लात, जिथे बहुतेक रसायनं हात वर करतात. जपानी संशोधकांनी ती द्रवरूपात वापरून दाखवली. तोच चिमटा एखाद्या घन पदार्थावर बसवला तर नुसतं गाळून काम होईल. आम्ल आणि किरणोत्सर्ग दोन्ही सोसणारा, भरपूर पृष्ठभाग असलेला घन पदार्थ हवा म्हटलं की नॅनोट्यूब आठवतात. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटांनी अमिडो-अमाइन आणि डायग्लायकोलामिक आम्ल लावलेल्या नळ्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केलेले आहेत. त्या वाटेवर मी एक विद्यार्थिनी म्हणून चालत होते.

हार्बर लाइनने मानखुर्दला उतरायचं, बस धरायची, गेटवर मोबाइल ठेवायचा, पास दाखवायचा. आत गेलं की एका बाजूला ट्रॉम्ब्याची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी. मुंबईत एवढी झाडं एका जागी असतात यावर माझ्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. मला मात्र त्या खाडीचा एकच गुणधर्म लक्षात राहिला, तो म्हणजे दमट हवा. त्याबद्दल पुढे सांगते.

नळीवर काही बसवायचं तर आधी तिला जखम करावी लागते. शुद्ध नळीची भिंत रासायनिकदृष्ट्या फार आळशी असते, कोणाशी सहसा बोलत नाही. म्हणून तिला नायट्रिक आम्लात उकळायचं, किंवा तीन भाग सल्फ्युरिक आणि एक भाग नायट्रिक अशा मिश्रणात घालून ध्वनिलहरींनी हलवायचं. १९९८ मध्ये रिचर्ड स्मॉली यांच्या अमेरिकेतल्या गटाने याच मिश्रणाने नळ्या कापून दाखवल्या, तेव्हापासून ते सगळ्या प्रयोगशाळांचं घरचं औषध झालं आहे. तांबूस धूर निघतो, टोकांवर आणि भिंतीतल्या दोषांवर कार्बोक्सिल गट तयार होतात. त्या गटाला थायोनिल क्लोराइडने चेतवायचं, त्यावर अमाइन जोडायचं, अमाइनच्या दुसऱ्या टोकाला डायग्लायकोलिक अॅनहायड्राइड. कागदावर तीन बाण. प्रत्येक बाणानंतर गाळायचं, धुवायचं, वाळवायचं. बाणापुढे जे आहे ते बाणामागच्यासारखंच काळं दिसतं.

"लागलं का?" सर विचारायचे.

"हो सर, आलेखात पीक आलंय."

"पीक आलं ते बघितलं मी. चिकटलंय की नुसतं बसलंय?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला असेल, की आमच्या प्रयोगशाळेत तो हाक मारल्यासारखा वापरला जायचा. अंगावर पडलेलं पीठ झटकलं की जातं, हळदीचा डाग धुतला तरी राहतो. दोन्ही लांबून पिवळसर दिसू शकतात. नॅनोट्यूबचा पृष्ठभाग एवढा मोठा आणि एवढा चिकट असतो, की जे जे रसायन भांड्यात घालाल ते ते त्याच्यावर येऊन बसतं. यंत्राला बसलेलंही दिसतं आणि चिकटलेलंही. यंत्र दोघांचं नाव एकच सांगतं.

आधी हिशेब करायची सवय मला सरांनी लावली. समजा नळी १५ नॅनोमीटर जाडीची आहे आणि तिला एकात एक अशा दहा भिंती आहेत. भिंतींमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. मग सगळ्या कार्बन अणूंपैकी सर्वांत बाहेरच्या भिंतीत निघतात सुमारे १३ टक्के. रसायनाला हात लावता येतो तो एवढ्यांनाच. त्यातही प्रत्येक पन्नास अणूंमागे एक गट बसला असं धरलं, आणि हे उदार गृहीत आहे, तर एकूण जवळजवळ चारशे कार्बनमागे एक गट. आमच्या गटाचं वजन मिळवून पाहिलं तर संपूर्ण नमुन्याच्या साधारण ४ टक्के. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. कोणी नॅनोट्यूबवर तीस टक्के वजनाचा सेंद्रिय गट बसवल्याचं सांगितलं की मला आनंद होत नाही, शंका येते.

चार टक्के शोधायचे आणि मुंबईच्या पावसाळ्यात शोधायचे. इन्फ्रारेडसाठी पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत नमुना खलून गोळी दाबतात. इतर पदार्थांचा दोन मिलिग्रॅम चालतो. नॅनोट्यूब इतक्या काळ्या, की तेवढ्यात गोळी आरपार काहीच जाऊ देत नाही, आलेख जमिनीला टेकतो. म्हणून चिमूटभराहून कमी घ्यायचा, आणि मग गटाचा संकेत त्याच प्रमाणात दुबळा. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतलं पाणी पितं. जुलैत ओव्हनमधून काढून खलबत्त्यात टाकेपर्यंत ते ओलावलेलं असायचं. पाण्याचा एक पट्टा येतो १६३० च्या आसपास, अमाइडचा येतो १६५० ला. आता दाखवा वेगळे करून. आम्ही इन्फ्रारेडचं काम शक्यतो डिसेंबर-जानेवारीत ठेवायचो, हे मी कुठल्याही शोधनिबंधाच्या पद्धतीच्या परिच्छेदात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं असं आता वाटतं.

रामन वर्णपटाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याचा बोलबाला कामापेक्षा जास्त आहे. १३५० जवळ दोषाचा पट्टा, १५८० जवळ ग्राफाइटचा. पहिल्याची उंची भागिले दुसऱ्याची, हा आकडा वाढला की गट लागले असं लिहायची प्रथा आहे. एकभिंती नळ्यांसाठी ते बऱ्यापैकी खरं. बहुभिंती नळी मुळातच दोषांनी भरलेली असते, तिच्यात हा आकडा थोडासा सरकतो. तेवढा तर लेझर जरा जोरात ठेवून काळा नमुना तापवला किंवा शेजारचा ठिपका पाहिला तरी सरकतो. शिवाय दोष वाढला म्हणजे भिंतीला भोक पडलं. त्या भोकाच्या काठावर आपला गट बसला की नाही, याबद्दल रामन गप्प. ज्या माणसाच्या नावाचं हे तंत्र आहे त्याने १९२८ मध्ये फिल्टर आणि डोळे यांच्या भरवशावर शोध लावला. आमच्याकडे बटण दाबलं की गुणोत्तर आपोआप छापून येतं, तीन दशांश स्थळांपर्यंत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं सुंदर येतात आणि निबंधाच्या पहिल्या पानावर शोभतात. त्यातून नळ्या नळ्याच राहिल्या, आम्लात विरघळून गेल्या नाहीत, एवढं कळतं. त्यापलीकडे ती चित्रं मला कधी फारशी उपयोगी पडली नाहीत.

कामाला आली ती एक वेगळीच गोष्ट, आणि तिला यंत्र लागत नाही. २००७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की नायट्रिक आम्लात उकळलेल्या नळ्यांवर जे कार्बोक्सिल गट सापडतात त्यांतले बरेचसे नळीवर नसतातच. आम्ल नळीच्या आणि तिच्याबरोबरच्या कचऱ्याच्या चिंध्या करतं. या लहान चिंध्यांच्या कडांना भरभरून कार्बोक्सिल गट लागतात, आणि त्या नळीला लपेटून बसतात. पाण्याने धुतल्या तर हलत नाहीत. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने धुतल्या तर सुटतात. म्हणजे आपण पुढचं सगळं रसायन ज्या कार्बोक्सिलवर रचतो, तो कार्बोक्सिलच मुळात पाहुणा.

आम्ही नमुने मागवायचो त्यांत एक बाटली 'कार्बोक्सिल-युक्त' म्हणून आली होती. सोबतच्या कागदावर गटांचं प्रमाण छापलेलं होतं. त्यातली थोडी पूड अल्कात ढवळून गाळली. खाली उतरलेलं गाळीव चहाच्या रंगाचं होतं. पुन्हा धुतलं, पुन्हा तोच रंग, थोडा फिका. मग आणखी फिका. रंग थांबेपर्यंत धुतलं, आम्लाने गट परत आणले, वाळवलं आणि बोएम टायट्रेशनला लावलं. हान्स-पीटर बोएम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही साठच्या दशकातली पद्धत अजून कोणी मागे टाकलेली नाही. सोडियम बायकार्बोनेट फक्त कार्बोक्सिलला गाठतं, कार्बोनेट लॅक्टोनलाही, हायड्रॉक्साइड फिनॉललाही. तिघांच्या फरकातून कोण किती ते निघतं. द्रावणातून नायट्रोजन फिरवून हवेतला कार्बन डायऑक्साइड हाकलला नाही तर सगळं वाया, एवढं एकच पथ्य. कागदावर छापलेल्या प्रमाणातला फार थोडा हिस्सा आमच्या ब्युरेटला सापडला. बाकीचा गटारीसाठी ठेवलेल्या डब्यात होता.

तेव्हा मला त्या पुरवठादाराचा राग आला. नंतर वाटलं, त्यानेही मोजलं असेल ते खरंच असेल. त्याला कोणी धुऊन मोज म्हटलं नव्हतं.

धुतलेल्या नळ्यांचा एक त्रास असतो, तो कोणी आधी सांगत नाही. त्या पाण्यात नीट पसरत नाहीत. न धुतलेल्या छान काळ्या शाईसारख्या तरंगत राहतात, कारण त्या चिंध्या साबणाचं काम करत असतात. धुतल्या की गुठळ्या होऊन तळाशी बसतात. परिषदेत एकाने आपली स्थिर शाई बाटलीत दाखवली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी मनात म्हटलं, आता यात दोन थेंब अल्क टाकून गाळा. मोठ्याने म्हटलं नाही. मी विद्यार्थिनी होते, आणि जेवणाची वेळ झाली होती.

यानंतर आमची पद्धत ठरली. आम्लानंतर अल्काने धुवायचं, मगच पुढे जायचं. शिवाय प्रत्येक खऱ्या नमुन्याबरोबर एक खोटा नमुना: त्याच नळ्या, तेच अमाइन, तेवढाच वेळ, तीच धुलाई, फक्त थायोनिल क्लोराइड नाही. खोट्या नमुन्यात जे दिसेल ते बसलेलं. खऱ्यात त्याच्यावर जे वाढेल तेवढंच आपलं. कामं दुप्पट झाली. पहिल्या वेळी खऱ्या आणि खोट्या नमुन्याचे आलेख एकावर एक ठेवले तेव्हा त्यांच्यात जवळजवळ फरक नव्हता.

कारण शोधायला आमचे टीजीएचे काका उपयोगी पडले. टीजीए म्हणजे तापवत तापवत वजन करणारा तराजू. मिनिटाला दहा अंश, नायट्रोजनच्या झोतात. शंभरपर्यंत पाणी जातं, साधारण दीडशेपासून पाचशेपर्यंत गट जातात, नळी जागेवर राहते. हवेत तापवलं तर नळीही जळते आणि तळाशी लोखंडाच्या ऑक्साइडची तांबडी राख उरते, तिच्यावरून मूळ उत्प्रेरक किती होता ते कळतं. काका निवृत्तीला आलेले होते. आलेखाकडे बघून म्हणाले, "हे दीडशेच्या पुढे एवढं सरळ कोसळतंय ना, ते सॉल्व्हंट आहे गं. गट असा एका उडीत जात नाही, तो रेंगाळतो."

त्यांचं म्हणणं होतं डायमिथाइल फॉर्मामाइड. डीएमएफ. थायोनिल क्लोराइडची अभिक्रिया त्याच्या थेंबांनी सुरू होते, अमाइनही त्यातच विरघळवतो. उत्कलनबिंदू १५३ अंश, पण नळ्यांच्या फटींत शिरलं की त्याहून वर गेल्याशिवाय सुटत नाही. आता या डीएमएफचा खोडसाळपणा पाहा. त्याच्यात अमाइडचा कार्बोनिल आहे, म्हणून इन्फ्रारेडमध्ये तो अमाइडच्या जागीच दिसतो. त्याच्यात नायट्रोजन आहे, म्हणून एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन यंत्रात, म्हणजे एक्सपीएसमध्ये, ४०० इलेक्ट्रॉनव्होल्टला हुकमी नायट्रोजन येतो. त्याचं वजन टीजीएत गटाच्याच टापूत उतरतं. तीन वेगवेगळी यंत्रं, तीन वेगवेगळी तत्त्वं, आणि तिघं एकमुखाने सांगताहेत की अमाइड आहे. आहेच. पण आपला नाही. एकापेक्षा जास्त तंत्रांनी दुजोरा मिळाला, हे वाक्य शोधनिबंधांत सर्रास येतं, आणि त्यानंतर मला ते वाचताना थांबावंसं वाटायला लागलं.

निवाडा केला तो टीजीएला जोडलेल्या वस्तुमान वर्णपटमापकाने. गरम होताना जो वायू बाहेर पडतो त्याचं वस्तुमान ते सांगतं. ४४ चा आकडा बघायचा नाही, कारण कार्बोक्सिल गटाचा कार्बन डायऑक्साइडही ४४ आणि डीएमएफचा तुकडाही ४४. बघायचा ७३, म्हणजे अख्खा डीएमएफ. तो दीडशेच्या पुढे उंच उभा राहिला. काका म्हणाले, "बघ." त्यांना मी चहा पाजला.

मग सॉक्सलेट. नळ्यांवरून मेथॅनॉल रात्रंदिवस फिरत ठेवायचं, ७३ दिसेनासा होईपर्यंत. त्यानंतर खरा आणि खोटा नमुना वेगळे दिसायला लागले. फरक वजनात ३ टक्क्यांच्या आगेमागे. वहीच्या पहिल्या पानावरच्या चाराच्या इतक्या जवळ, की मला तो आकडा खरा वाटला. तीस आला असता तर परत सॉक्सलेट लावलं असतं.

पुढची साक्ष मात्र ट्रॉम्ब्याचीच होती, आणि ती मला सगळ्यांत जास्त पटते. ग्लोव्ह बॉक्समध्ये ३ मोलर नायट्रिक आम्लात अमेरिशियम-२४१ चा अंश घालायचा, नळ्या टाकायच्या, हलवायच्या, गाळायच्या आणि गाळीवातला गॅमा मोजायचा. अमेरिशियमचा गॅमा ५९.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, सोडियम आयोडाइड शोधकाच्या खोबणीत बाटली ठेवली की काउंट पडायला लागतात. इतक्या तीव्र आम्लात साधा कार्बोक्सिल हायड्रोजन धरून बसलेला असतो, धातूकडे बघत नाही. डायग्लायकोलामाइड बघतो. म्हणून हे नुसतं उपयोगाचं मोजमाप नाही, गट कोणता आहे याचाही पुरावा आहे. आणि चिकटलंय की बसलंय याचाही: गट सुटून द्रावणात गेला तर तो धातूला घेऊनच जातो, काउंट गाळीवात वाढतात. साध्या नळ्या, आम्लात उकळलेल्या, खोट्या, खऱ्या, अशा चार बाटल्या शेजारी शेजारी. पहिल्या तिन्हींतलं गाळीव जवळजवळ मूळ द्रावणाएवढंच मोजलं गेलं. चौथ्यातलं पडलं.

सरांनी आकडे पाहिले. "गाळणीतून नळ्या तर खाली आल्या नाहीत ना?" खाली आल्या असत्या तर काउंट वाढले असते, कमी झाले नसते, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "परीक्षक एक्सपीएस मागेल. नायट्रोजनवर आता कोण विश्वास ठेवणार?"

म्हणून शेवटी फ्लोरिन. नळी, आम्ल, मेथॅनॉल, डीएमएफ, घामेजलेला हात, यांपैकी कशातच फ्लोरिन नसतो. अमाइन जोडण्याच्या पायरीला नेहमीच्या अमाइनऐवजी ट्रायफ्लोरोमिथाइल गटाची शेपटी असलेलं बेंझिलअमाइन लावलं, की एका गटामागे तीन फ्लोरिन, आणि ते एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन यंत्रात ६८८ इलेक्ट्रॉनव्होल्टला, कोणाच्याही गर्दीत नसलेल्या मोकळ्या जागी उभे राहतात. खरा नमुना आणि खोटा नमुना दोन्ही गेले. खऱ्यात फ्लोरिन आला. खोट्यातही आला, थोडा कमी.

खोट्या नमुन्यातला फ्लोरिन कुठून आला ते काकांनी नव्हे, भांडी धुणाऱ्या मावशींनी सांगितलं, आणि त्यांना अर्थातच त्याचा अर्थ माहीत नव्हता. गाळणीचा पांढरा कागद त्या नळाखाली धरून घासत होत्या आणि कुरकुरत होत्या, की याच्यावर पाणीच ठरत नाही. टेफ्लॉनची गाळणी. तिच्यावरून चमच्याने काळी पूड खरवडताना टेफ्लॉनही खरवडून येत होतं. पॉलिकार्बोनेटची गाळणी मागवली, खरवडायचं बंद केलं, नळ्या ओल्या असतानाच बाटलीत धुऊन उतरवायला लागलो. पुढच्या वेळी खोट्या नमुन्यात ६८८ ला सपाट रेषा होती.